नव्या रंगाला जुना पोत

मोटारगाडीचा दरवाजा धडकेने चेपला, तो ठोकून सरळ केला, वर नवा रंग चढविला आणि गाडी मालकाच्या हवाली केली, म्हणजे काम संपले, असा सामान्य समज आहे. रंगाची छटा हुबेहूब जुळली असेल तर मालकही संतुष्ट होतो. परंतु चार दिवसांनी सायंकाळच्या तिरप्या उन्हात गाडी उभी असता एखादा जाणता माणूस तिच्या लांबीवरून नजर टाकतो, आणि सहज म्हणतो, "हा दरवाजा मागाहून रंगविलेला दिसतो." छटा तीच, तुकतुकी तीच, मग फरक कोठे पडला? फरक पडला तो पोतात. रंगविलेल्या पृष्ठभागाला छटेखेरीज पोत नावाचा दुसरा एक गुण असतो, आणि दुरुस्तीचे गुपित बहुधा तोच फोडतो. तो पोत म्हणजे काय, कारखान्यात तो कसा उत्पन्न होतो, आणि साध्या गॅरेजातील कारागिराला तो कसा साधता येईल, याचा विचार प्रस्तुत भाषणात करावयाचा आहे.

पोत हा शब्द मूळचा वस्त्राचा. लुगड्याचा पोत, शालीचा पोत असे आपण नित्य म्हणतो. शालीला भोक पडले असता चांगला रफूगार त्याच रंगाचा धागा मिळाला एवढ्यावर समाधान मानीत नाही. विणीची दाटी, धाग्याची जाडी व त्याचा पीळ हेही तो निरखून पाहतो. घोंगडीला रेशमी धाग्याने रफू केले, तर धागा कितीही उंची असो व रंग कितीही जुळो, ते ठिकाण डोळ्यांत भरावयाचेच. मोटारीच्या रंगकामाची गोष्ट अगदी अशीच आहे. तेथेही नवे काम जुन्याहून निकृष्ट असले तर दिसते, आणि जुन्याहून सरस असले तरीही दिसते.

नवीकोरी मोटार आरशासारखी सपाट असते, असे पुष्कळांना वाटते. ही समजूत पडताळून पाहणे सोपे आहे. कोणतीही नवी गाडी, शक्यतो काळ्या रंगाची, नळीच्या दिव्याजवळ उभी करावी आणि दरवाजात पडलेले दिव्याचे प्रतिबिंब पाहावे. प्रतिबिंब स्पष्ट असते, पण त्याच्या कडा सरळ नसतात. त्या किंचित थरथरलेल्या, वाऱ्याने हललेल्या पाण्यातील प्रतिबिंबासारख्या दिसतात. नागपुरी संत्र्याच्या सालीवर जसे बारीक उंचवटे व खळगे असतात, तसे ते रंगाच्या थरावर पसरलेले असतात. यास्तव या पोताला सर्वत्र 'ऑरेंज पील', म्हणजे संत्र्याची साल, हेच नाव पडले आहे. हे उंचवटे बोटाला लागत नाहीत, कारण त्यांची उंची मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या सहस्रांशाच्या, हिशेबात मोजावी लागते. तथापि डोळा त्यांना चुकत नाही. तिरपा प्रकाश प्रत्येक उतारावरून निराळ्या दिशेला परावर्तित होतो, आणि उजेड व छाया यांची जाळी तयार होते. तीच आपणांस पोत म्हणून प्रतीत होते.

शास्त्रज्ञांनी या लहरींचे त्यांच्या लांबीवरून वर्ग पाडले आहेत. सुमारे ०·३ पासून १·२ मिलिमीटरपर्यंतच्या त्या लघुतरंग, आणि १·२ पासून १२ मिलिमीटरपर्यंतच्या त्या दीर्घतरंग. दीर्घतरंग दोन-तीन मीटरांवरून, म्हणजे रस्त्यावर उभे राहून पाहणाऱ्याला, दिसतात. लघुतरंग दिसावयास अर्ध्या मीटरपर्यंत जवळ यावे लागते. दुरून त्यांचा परिणाम एवढाच होतो की, प्रतिबिंब मंद व धुरकट वाटते. हे तरंग मोजणारे 'वेव्ह-स्कॅन' नावाचे हातात मावेल एवढे यंत्र कारखान्यांतून वापरतात. ते पत्र्यावरून फिरविले की, त्यातील प्रकाशाचा तिरपा किरण प्रत्येक चढउताराची नोंद घेतो आणि दोन्ही जातींच्या तरंगांचे आकडे निराळे दाखवितो. सामान्य गॅरेजात हे यंत्र नसते. तेथे नळीचा दिवा व कारागिराची नजर हीच यंत्रे होत. आणि सराव असला तर ती पुरेशी होतात.

आता कारखान्यात हा पोत येतो कोठून, ते पाहू. पिंपरी, चाकण, रांजणगाव, नाशिक येथे मोटारी तयार होतात. परंतु जगातील कोणत्याही मोठ्या कारखान्यातील रंगशाळेचा क्रम ढोबळ मानाने एकच असतो. काचा, गाद्या, चाके, इंजिन यांपैकी काहीही बसविण्यापूर्वी गाडीचा नुसता पत्र्याचा सांगाडा धुऊन रसायनाच्या हौदात बुडवितात व विद्युत्प्रवाहाच्या योगाने त्यावर पहिला थर बसवितात. गंजापासून रक्षण करणारा हा थर सुमारे २० मायक्रॉन जाडीचा असतो, आणि तो १७० अंशांच्या आसपास भाजून पक्का करतात. त्यावर प्रायमर-सरफेसरचा थर, त्यावर छटा देणारा १५-२० मायक्रॉनांचा रंगथर, आणि सर्वांवर ४०-५० मायक्रॉनांचा पारदर्शक थर. या शेवटच्या थराला कारागीर नुसते 'क्लिअर' म्हणतात. तो सुमारे १४० अंशांवर भाजला जातो. सगळे मिळून जाडी १०० ते १३० मायक्रॉन भरते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे सर्व कवच दोन केसांच्या आतबाहेरचे आहे, हे कळून येईल.

हा रंग उडविण्याचे काम यंत्रमानव करतात. त्यांच्या हातातील घंटेच्या आकाराची वाटी मिनिटाला हजारो वेढ्यांनी फिरत असते; कित्येक ठिकाणी हा वेग ५० हजारांच्या घरात जातो. तिच्या कडेवरून सुटलेला रंग अतिसूक्ष्म थेंबांत फुटतो, थेंबांना विजेचा भार दिलेला असतो, आणि ते पत्र्याकडे ओढले जातात. एवढे करूनही पृष्ठभाग थेंबांचाच बनलेला असतो. हे थेंब एकमेकांत मिसळून सपाट व्हावे तर त्यांना वेळ लागतो, आणि भट्टीत रंग प्रथम उष्णतेने पातळ होऊन लगेच रासायनिक क्रियेने घट्ट होऊ लागतो. सपाट होणे व घट्ट होणे यांच्या या शर्यतीत ज्या लहरी मिटावयाच्या राहून गेल्या, त्याच संत्र्याच्या सालीच्या रूपाने कायम होतात.

कोणत्या लहरी मिटतात व कोणत्या राहतात, याचा नियम ऑर्चर्ड या शास्त्रज्ञाने १९६२ साली गणिताने मांडला. द्रवाचे पृष्ठताण लहरींना सपाट करू पाहते, व त्याचा दाटपणा या सपाटीकरणाला अडवितो, एवढे कोणालाही समजेल. परंतु लहरीची लांबी दुप्पट झाली तर ती मिटावयास सोळापट वेळ लागतो, आणि थराची जाडी दुप्पट झाली तर तीच लहर आठपट त्वरेने मिटते, हे त्यातील मर्म आहे. यावरून दोन गोष्टी उघड होतात. पहिली ही की, लघुतरंग आपोआप नाहीसे होतात व दीर्घतरंग मागे उरतात. म्हणूनच कारखान्याचा पोत दुरून दिसणारा असूनही जवळून तुकतुकीत असतो. दुसरी ही की, पातळ थरावर पोत अधिक राहतो. उभ्या पत्र्यावर जाड थर दिला तर तो ओघळतो. यास्तव दरवाजांवर थर बेताचा देतात, आणि टप व बॉनेट यांच्या मानाने दरवाजांवर संत्र्याची साल सामान्यतः अधिक दिसते. एकाच गाडीवर एकच पोत नसतो, ही गोष्ट रंगकाम करणाराने पहिल्या दिवशी शिकावी.

येथे एक शंका उत्पन्न होईल. पूर्वीच्या काळी रंगाऱ्यांना ही अडचण का आली नाही? त्याचे कारण जुन्या रंगाच्या स्वभावात आहे. बग्ग्या व प्रारंभीच्या मोटारी यांवर व्हार्निशचे थर कुंच्याने देत, आणि एका गाडीला कित्येक दिवस, क्वचित कित्येक आठवडेही लागत. १९२३ साली अमेरिकेत ओकलंड नावाच्या मोटारींना, १९२४ च्या नव्या नमुन्यांसाठी, ड्यू पाँट कंपनीचा 'ड्यूको' हा नायट्रोसेल्युलोजचा रंग देण्यात आला. तो बंदुकीने उडविता येई व पाहता पाहता सुके. ड्यूकोची कीर्ती एवढी पसरली की, आपल्याकडे फवाऱ्याने दिलेल्या कोणत्याही रंगाला ड्यूको म्हणण्याची रीत पडली, आणि ती गॅरेजच्या पाट्यांवर व सुतारांच्या बोलण्यात अद्याप टिकून आहे. हा रंग केवळ थिनर उडून गेल्याने सुके, आणि सुकल्यावर निस्तेज दिसे. पाण्याच्या पेपराने घासून व कंपाउंडने रगडून त्याला चकाकी आणावी लागे. अर्थात् कारखान्यातही शेवटचा हात माणसाचाच असे, आणि गॅरेजातही तोच. दोन्हीकडे पोत घासून काढलेला असल्यामुळे जुळणी सोपी होती. शिवाय जुना थर नव्या थिनरने विरघळे, व दोहोंचा सांधा एकजीव होई.

भट्टीत भाजून निघणारे रंग आले, आणि हा सुकाळ संपला. आता भट्टीतून निघताच गाडी चमकत असते. तिला कोणी घासत नाही, आणि भट्टीतील पोत जन्मभर तसाच राहतो. हा पक्का झालेला क्लिअर थिनरने विरघळतही नाही. म्हणून नव्या क्लिअरची कड पत्र्याच्या मध्यावर सोडली तर ती आज ना उद्या उघडी पडते, आणि पुढे तेथूनच पापुद्रा सुटू लागतो. यास्तव छटेचा रंग शेजारच्या पत्र्यावर विरळ करीत नेला तरी क्लिअर मात्र त्या पत्र्याच्या फटीपर्यंत, कडेपर्यंत, संपूर्ण द्यावा लागतो.

आता गॅरेजातील कारागिराची स्थिती पाहा. गाडीत गाद्या, तारा, प्लॅस्टिकचे भाग, इंधन सर्व काही आहे. तिला १४० अंशांच्या भट्टीत घालणे अशक्य. उत्तम सोय असलेल्या ठिकाणी रंगाची बंद खोली, म्हणजे बूथ, असते, व तेथे पत्रा सुमारे ६० अंशांपर्यंत तापवितात. त्यासाठी क्लिअरही निराळ्या जातीचा लागतो: वापरण्यापूर्वी त्यात हार्डनर मिसळावयाचा, आणि मिसळल्या क्षणापासून तो घट्ट होऊ लागावयाचा. फिरत्या वाटीऐवजी हाती हवेची बंदूक. सारांश, पदार्थ निराळा, हत्यार निराळे, उष्णता निराळी. आणि मागणी मात्र ही की, फळ तेच यावे. हे साधावयाचे तर त्याच मार्गाने जाण्याचा हट्ट सोडून, आपल्या मार्गाने त्याच ठिकाणी कसे पोहोचावे, याचा विचार कारागिराने केला पाहिजे.

पहिले काम बंदूक हाती घेण्यापूर्वीचे आहे. गाडी धुवावी, पुसावी, आणि ज्या पत्र्याला लागून नवे काम यावयाचे, त्यातील प्रतिबिंब दुरून व जवळून नीट न्याहाळावे. दरवाजाची तुलना शेजारच्या दरवाजाशी व पंख्याशी करावी; टपाशी करू नये, कारण टप आडवा आहे. बंपरवरूनही अनुमान काढू नये. बंपर प्लॅस्टिकचा असल्यामुळे बहुधा वेगळा रंगविला जातो व पुष्कळ कमी उष्णतेवर भाजला जातो. त्याचा पोत, आणि कधी कधी छटाही, नव्या गाडीवरच पत्र्याहून निराळी असते. शेजारचा पत्रा पूर्वी कधी रंगविला गेला आहे काय, हेही जाडी मोजण्याच्या यंत्राने पाहून घ्यावे. नाही तर मूळ कारखान्याचा पोत समजून कारागीर दुसऱ्या गॅरेजच्या पोताशी मेळ घालीत बसावयाचा.

दुसरे काम चाचणीचा पत्रा. छटा तपासण्यासाठी लहान पत्रा रंगवून पाहण्याची चाल सर्वत्र आहे. तोच पत्रा पोतासाठीही उपयोगी पडतो, परंतु एका अटीवर. पत्रा दरवाजासाठी असेल तर तो उभा टांगूनच रंगवावा. टेबलावर आडवा ठेवून रंगविलेला पत्रा अधिक सपाट होतो व कारागिराला खोटे आश्वासन देतो. सुकल्यावर तो गाडीच्या अंगाला लावून एकाच दिव्याचे प्रतिबिंब दोहोंवर पाडावे. पत्र्याच्या पाठीवर हवेचा दाब, बंदुकीच्या तोंडाचे माप, थिनर व हार्डनर कोणते, त्या दिवशी उष्मा किती, हे लिहून ठेवावे. असे पत्रे भिंतीला टांगलेले गॅरेज म्हणजे एक लहानशी शाळाच होय. तेथे नवशिक्याला काही विचारावे लागत नाही.

तिसरे काम तळाचे. वरचा थर खालच्या थराची नक्कल करतो. पुट्टी हाताच्या पंजाने घासली तर बोटांच्या पन्हळी उठतात. म्हणून ठोकळ्यावर पेपर गुंडाळूनच घासावे. प्रायमर पुरता सुकण्यापूर्वी वर रंग चढविला, तर तो पुढे कित्येक दिवस आत आत बसत जातो, आणि गाडी देतेवेळी गुळगुळीत दिसलेल्या क्लिअरमधून पेपराच्या रेघा वर येतात. या रेघा लघुतरंगांच्या जातीच्या. त्यांचे कारखान्याच्या सालीशी काहीही नाते नाही. घाई झालेल्या कामाची ही सर्वांत मोठी खूण आहे.

चौथे काम प्रत्यक्ष क्लिअर उडविण्याचे. येथे ऑर्चर्डचा नियमच निराळ्या वेषात कामाला येतो. पोत मऊ करावयाचा असेल तर थेंब बारीक करावे, थर अंमळ भरदार द्यावा, आणि सावकाश उडणारा थिनर व सावकाश घट्ट होणारा हार्डनर घेऊन लहरींना मिटावयास अवधी द्यावा. पोत ठसठशीत हवा असेल तर याच्या उलट: हवेचा दाब किंचित कमी, थेंब थोडा मोठा, थिनर कमी, थर बेताचा. परंतु ठसठशीत पोत आणण्यासाठी बंदूक दूर धरणे, ही चूक पुष्कळांच्या हातून होते. बंदूक सामान्यतः वीतभर अंतरावर, म्हणजे १५ ते २० सेंटिमीटरांवर, धरावयाची असते. ती दूर गेली की थेंब वाटेतच अर्धवट सुकतो व पत्र्यावर कोरडा बसतो. त्याने दीर्घतरंग न येता बारीक खरखर येते, आणि चकाकी मात्र जाते. कारखान्याची साल ओल्या रंगाची आहे, कोरड्या रंगाची नाही, हे ध्यानात ठेवले म्हणजे हा प्रमाद होत नाही.

हाताची चाल सर्वत्र सारखी हवी. बंदुकीचा प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निदान अर्धा चढला पाहिजे, आणि मनगट न वळविता सबंध हात पत्र्याला समांतर सरकला पाहिजे. मनगट वळले की मध्यावर थर जाड व कडांना पातळ बसतो. एकाच दरवाजाच्या मध्यावर एक पोत व कडेला दुसरा असा विसंवाद उत्पन्न होतो. आणि शेजारच्या पत्र्याशी गाठ पडावयाची ती कडेवरच.

देशकाल हाही विसरून चालणार नाही. विदर्भातील वैशाखात हवा ४५ अंशांवर गेली असता जो थिनर पत्र्यावर पोहोचण्यापूर्वीच उडून जातो, तोच पौषातील पहाटे पुण्यास ओघळ आणतो. कोकणातील पावसाळी हवेत जुना नायट्रोसेल्युलोजचा रंग पांढुरका पडत असे. नव्या क्लिअरच्या हार्डनरलाही ओल मानवत नाही, म्हणून डबा उघडा ठेवू नये आणि कॉम्प्रेसरच्या हवेतील पाणी गाळून घ्यावे. एकच माप बारा महिने चालत नाही. याकरिताच चाचणीच्या पत्र्याच्या पाठीवर उष्मा लिहावयाचा.

इतके करूनही थोडा फरक राहिला तर? तेथे कारागिराची खरी परीक्षा आहे. क्लिअर पक्का झाल्यावर १५०० किंवा २००० नंबरच्या पेपराने, पाणी लावून, हलक्या हाताने घासावे आणि मग कंपाउंड व पॉलिश यांनी चकाकी आणावी, हा उपाय प्रसिद्ध आहे. लहरींचे माथे किंचित उतरविले की पोत शेजाऱ्याच्या पायरीवर येतो. मात्र थांबावे कोठे, हे कळले पाहिजे. घासण्याच्या भरात दरवाजा आरशासारखा सपाट झाला, की मालकाला क्षणभर आनंद होतो. पण नाकापेक्षा मोती जड झाला तर नाकाचीच शोभा जाते. त्या एका आरशामुळे दोन्ही बाजूंचे निर्दोष पत्रे खडबडीत दिसू लागतात. मग मालकच म्हणू लागतो, "हेही तसेच करून द्या."

या हट्टापायी होणारे नुकसान केवळ पैशाचे नाही. क्लिअरचा थर ४०-५० मायक्रॉनांचा. सूर्याच्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाचे रक्षण करणारे द्रव्य त्यातच असते. कारखान्याची साल मिटविण्यासाठी त्यातील दहा-पंधरा मायक्रॉन घासून टाकले, तर गाडी त्या दिवशी सुंदर दिसते. परंतु आपल्याकडील उन्हात उभी राहणारी ती गाडी पुढे टपावर व बॉनेटवर फिकी पडू लागते, आणि क्लिअरचे पापुद्रे निघू लागतात. तद्वतच, एक दरवाजा जुळला नाही म्हणून शेजारचे धडधाकट पत्रे रंगविणे म्हणजे भट्टीत पक्के झालेले कवच आपल्या हाताने खरवडणे होय. तसे कवच कोणत्याही गॅरेजात पुन्हा चढविता येत नाही. एका पत्र्याचा पोत साधला तर पाच पत्र्यांचे मूळ कवच वाचते; दिसण्यापलीकडे या कौशल्याचे मोल आहे ते हे.

हे मोल कारागिराने आपल्या फुप्फुसांनी चुकते करू नये. क्लिअरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाची द्रव्ये असतात. त्यांचे तुषार श्वासावाटे गेल्याने दमा जडतो, आणि एकदा शरीर त्या द्रव्याला बिचकू लागले की, पुढे लेशमात्र संपर्कानेही श्वास कोंडू शकतो. अपायकारक प्रमाणात असूनही त्यांचा वास येत नाही. म्हणून वासावरून धोका ओळखण्याची सवय येथे फसवी ठरते. तोंडाला रुमाल बांधून क्लिअर उडविणारा तरुण कारागीर अनेक गॅरेजांत दिसतो. रुमालाने ही वाफ अडत नाही. बाहेरून नळीने शुद्ध हवा पुरविणारा मुखवटा, अंगभर कपडे, हातमोजे आणि हवा खेचून नेणारा बूथ, एवढी सामग्री हवी. आणि ती पुरविणे हे गॅरेजच्या धन्याचे कर्तव्य आहे.

आणखी एक प्रश्न नीतीचा आहे. न दिसणारी दुरुस्ती म्हणजे पुढे ती गाडी विकत घेणाऱ्याची फसवणूक तर नव्हे? रफूगाराने शाल सांधली म्हणून त्याला कोणी लबाड म्हणत नाही. सांधलेली शाल कोरी म्हणून विकणारा लबाड ठरतो. शिवाय डोळा फसला तरी जाडी मोजण्याचे यंत्र फसत नाही. १००-१३० मायक्रॉनांच्या जागी २००-३०० आकडा आला तर पत्रा पुन्हा रंगविला आहे असे समजावे. आकडा हजाराच्या वर गेला तर आत पुट्टी भरली आहे. म्हणून चांगला कारागीर आपले काम पत्र्यावर लपवितो व बिलावर उघड करतो. कोणता पत्रा रंगविला, पुट्टी किती भरली, क्लिअर कोठपर्यंत नेला, हे त्याने लिहून द्यावे, आणि मालकाने तो कागद गाडीच्या कागदपत्रांत जपून ठेवावा.

आता उरते ते मालकाचे काम. दुरुस्त झालेली गाडी ताब्यात घेताना ती भर दुपारी, डोक्यावरच्या उन्हात पाहून उपयोग नाही. त्या उजेडात सर्वच काही चमकते. नळीच्या दिव्याखाली किंवा सकाळ-सायंकाळच्या तिरप्या उन्हात, गाडीच्या टोकाशी उभे राहून, तिच्या लांबीवरून नजर न्यावी. प्रथम तीन मीटरांवरून, मग हातभर अंतरावरून. प्रतिबिंबाची रेघ एका पत्र्यावरून फट ओलांडून दुसऱ्यावर जाताना एकसारखीच थरथरत गेली, तर काम उत्तम झाले. ती नव्या पत्र्यावर एकाएकी अधिक हलली, अथवा एकाएकी स्थिर झाली, तर काहीतरी राहून गेले. आणि "नव्याहून नवे करून द्या" अशी मागणी मालकाने मुळीच करू नये. "जसे होते तसे करून द्या" एवढेच सांगावे. ही दुसरी मागणी पहिलीपेक्षा पुरवावयास कठीण आहे, हे चांगला कारागीर जाणतो, आणि ती पुरी करील त्याला त्याची मजुरी घासाघीस न करता द्यावी.